चोवीस तासांचा जनरेटर

"चोवीस तास चालला पाहिजे," यमुताई म्हणाल्या. "घर त्याच्यावरच चालवायचं आहे."

धम्मानंदने हातातलं काम बाजूला ठेवलं. बाईंचा वरचा ओठ फाटला होता, डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. जरीपटक्यातल्या त्याच्या जनरेटरच्या दुकानात लग्नवाले यायचे, दवाखानेवाले यायचे. अशी बाई पहिल्यांदाच आली होती.

"लाईन नाही का तिकडे, ताई?"

"आहे. कन्हानच्या पुढं, वावरात घर आहे आमचं. पण लाईनच काढून टाकायची आहे आता."

"काहून?"

त्यांनी पदर सावरला. मनगटावर दातांचे वण होते.

"पोरगा आहे माझा, केयूर. डोकं ठिकाणावर नाही त्याचं. मीटर त्याच्याच खोलीत आहे, ते फोडते. दोनदा फोडलं. मी मधात पडली तर हे असं."

"मीटर बाहेर काढून घ्या ना मंग."

"मंग लाईनच्या ऑफिसची माणसं येतीन, खोली पाहतीन. घरच्या अब्रूचं काय गा?"

धम्मानंदची आई बापाचा मार खाता खाताच गेली होती. त्याने पुढे काही विचारलं नाही. बाई पेट्रोलच्या छोट्या मशीनकडे बघत होत्या, ते त्याने लगेच नाकारलं.

"हे चार घंट्यात तापते. रोजच्याले डिझेलवरचा घ्या, पाण्यानं थंड होणारा. हळू फिरते, पण टिकते. दर दहा-बारा दिवसांनी घंटाभर बंद करून ऑइल बदलवा लागते. ते मी येऊन करून देईन."

"मीच बदलवीन. शिकवून द्या फक्त."

"डिझेल लई लागीन, ताई."

"जीव जाण्यापरीस बरं."

तिसऱ्या दिवशी सकाळी धम्मानंद टेम्पो घेऊन गेला. टेम्पोवाला मागच्या अंगणात जनरेटर उतरवून निघून गेला. यमुताई मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. आतून धडका बसत होत्या.

"तुमी तिकडं लक्ष नका देऊ," त्या म्हणाल्या.

धम्मानंदने घराची वायर जोडली, बटण दाबलं. इंजिन धडधडू लागलं. त्या आवाजात दाराची कडी तुटल्याचं त्याला कळलंच नाही.

बाहेर आलेला माणूस तिशीचा असेल. दाढी छातीपर्यंत, हातात खिडकीतून उपसलेला गज. पहिला घाव त्याने यमुताईंच्या खांद्यावर घातला. त्या कोसळल्या. मग तो सरळ धम्मानंदच्या अंगावर धावत आला. धम्मानंदच्या मागे फाटक होतं.

"मारा गा त्याले!" यमुताई किंचाळल्या. "जीव घेते तो माझा!"

धम्मानंदने मोठा पाना दोन्ही हातांनी फिरवला. नडगीचं हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या धडधडीतही ऐकू आला. केयूर पडला, तरी कोपरांवर पुढे सरकत राहिला. धम्मानंदने त्याच्या बरगड्यांत लाथ घातली. मग आणखी एक. मग आणखी एक. बापाला कधी घालता आल्या नव्हत्या, त्या सगळ्या त्याने घातल्या. गज हिसकावून दूर फेकला आणि उरलेल्या केबलने त्याचे हात पाठीमागे आवळले.

यमुताई भिंतीचा आधार घेत उठल्या होत्या. "पायबी बांधा," त्या म्हणाल्या. "अन् आत न्या त्याले. लवकर."

केयूर ओरडला नाही, शिव्याही दिल्या नाहीत. नुसता धापा टाकत होता. बांधायला म्हणून धम्मानंदने त्याचा पायजमा वर सरकवला.

दोन्ही घोट्यांभोवती काळे, जाड घट्टे होते, जू घासून बैलाच्या मानेवर पडतात तसे. साखळीच्या कड्या मोजता याव्यात इतके खोल. बरेच जुने.

धम्मानंदचे हात थांबले. मागून यमुताईंची पावलं जवळ येत होती.

केयूरने तोंडातलं रक्त थुंकलं आणि कमरेतून अंग मुरडत त्याच्या कानापाशी तोंड नेलं.

"भाऊ," त्याने हळूच विचारलं, "हे कोणतं साल चालू आहे?"