टेबल वाकडं

अर्लंडने पकडीचा दांडा दाबला, काडतुसाची पितळी पुंगळी बाहेर काढली आणि तिचं बूड खालच्या ओठाला लावून पाहिलं. ठीक वाटलं. बुडात बसवलेली, बार पेटवणारी टोपी पुंगळीच्या काठापेक्षा केसभर खाली बसायला हवी. वर राहिली तर ऐन वेळी चाप ओढावा आणि नुसतं टक वाजावं. समोरचं एल्क हरीण कान टवकारून चालतं होतं. जन्मभर हे त्याला बोटाच्या टोकाने कळायचं. उन्हाळ्यातल्या औषधांनी पोटातली गाठ आटली की नाही, ते डॉक्टर अजून सांगत नव्हते; बोटं मात्र पार मेली होती. म्हणून हा ओठ.

तळघराच्या जिन्यावर बूट वाजले. टोरी आली, त्याची लेक. उद्या ती डोंगरावर निघणार होती, आणि बापाने भरलेल्या काडतुसांशिवाय तिने कधी शिकार केली नव्हती. या एका गोष्टीच्या आधारावर अर्लंडने उन्हाळा काढला होता.

"मुके कुणाचे घेताय, बाबा? आईला सांगू?"

"सांग की. तिला आधीपासूनच संशय आहे."

टोरी हसली. हसता हसता, जुन्या सवयीने, तिने तयार पुंगळ्या टेबलावरच्या काचेवर उभ्या करायला घेतल्या. टोपी नीट बसली असेल तर पुंगळी खांबासारखी उभी राहते, वर आली असेल तर डुलते. ही काच अर्लंडने पाणसळ लावून, तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत टेबलाचे पाय तासून बसवली होती.

पहिली उभी राहिली. दुसरी डुलली. तिसरीही. चौथीने काचेवर टकटक केलं.

लहानपणी टोरीच्या पुंगळ्या अशाच डुलायच्या आणि ती टेबलाला दोष द्यायची. "नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणून अर्लंड तिला सगळ्या पुन्हा करायला लावायचा. रडली तरी सोडायचा नाही.

टोरीने चौथीवर बोट ठेवून ती थांबवली.

"टेबल वाकडं झालंय, बाबा."

हिने आपल्याला चार शब्द सुनावले असते तरी बरं झालं असतं, असं अर्लंडला वाटलं. भांडलो असतो, पुन्हा बसवल्या असत्या. भांडण्याइतकाही मी उरलो नाही का?

"असेल," तो म्हणाला. "घर जुनं झालं."

"या खेपेला दुकानातलीच घेतलीत मी. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास. या राहू देत पुढच्या वर्षाला."

"हो. पुढच्या वर्षाला."

तिने त्याच्या कपाळावर ओठ टेकले आणि ती लगबगीने जिना चढून गेली. बाहेर तिच्या गाडीचं दार लागलं, पण गाडी बराच वेळ सुरू झाली नाही. मग झाली.

जेवायला बोलवायला व्हर्ना खाली आली, तेव्हा नवरा गुडघ्यांवर बसला होता. टोप्यांच्या रिकाम्या डबीचा पुठ्ठा दुमडून तो टेबलाच्या पायाखाली सारत होता. बोटांना कळत नसल्यामुळे पुठ्ठा पुन्हा पुन्हा निसटत होता.

"आता हे काय काढलंय?"

"टेबल वाकडं आहे," तो म्हणाला. "टोरी सांगत होती."

वर काचेवर पाणसळ ठेवलेली होती. तिच्यातला बुडबुडा मधोमध होता. अर्लंडने पुठ्ठा आणखी आत दाबला, तसा बुडबुडा कडेला सरकला.