काळी स्क्रीन

पूनमचा फोन स्क्रीनवरचं सगळं इअरफोनमधून तिच्या कानात वाचून दाखवायचा, आणि ती स्क्रीन तिनं सेटिंग करून कायम काळी ठेवलेली असायची. तिला दिसतच नव्हतं, मग उजेड हवा कुणाला? शिवाय ती काय लिहिते ते शेजारी बसलेल्यालाही कळत नसे. हिमायतनगरच्या त्या भरल्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की नवरा रामलिंग म्हणायचा, “एकटी कुठं निघालीस? धडपडलीस म्हंजे?” तिला नांदेडला नोकरी लागली, तेव्हाही तो एवढंच म्हणाला, “घरात काय कमी हाय तुला?”

फोनचं मोठं अपडेट आलं तेव्हा तिचा जीव धास्तावला. काही पुसलं गेलं तर? तिनं नंबर, मेसेज, नोकरीची ऑर्डर, सगळ्याचा बॅकअप घेतला आणि मगच अपडेटला हात लावला. नंतर एकूण एक तपासलं. सगळं जागच्या जागी होतं.

आज सासू साखराबाई शेजारी शेंगा फोडत बसली होती. पूनमनं निर्धास्तपणे नांदेडच्या मैत्रिणीला लिहिलं, ‘उद्या दुपारच्या गाडीनं येते. घरात कुणालाच सांगितलं नाही. स्टेशनवर ये.’

शेंगांचा आवाज थांबला.



“पूनम, ते अपडेट केल्यापासून तुझी स्क्रीन लख्ख दिसून राहिली,” सासू हळूच म्हणाली. “अन् उद्या दुपारी रामलिंग घरीच राहणार हाय, मला म्हणाला. सकाळची गाडी लिही.”