पानेतोनचा डबा

सकाळी अकरा वाजता दुकानाच्या चौथ्या मजल्यावर, भेटवस्तू बांधून देण्याच्या काउंटरमागे, नऊ बायकांनी डोळे मिटले. नाताळ तीन दिवसांवर होता. 'थोड्या वेळात परत येतो' अशी पाटी काउंटरवर लावली होती. पाटीच्या पलीकडे गिऱ्हाइकांची रांग हलली नव्हती.

मुख्य कचेरीतून आलेली हिमेना मांडी घालून समोर बसली होती. शेजारी तिपाईवर तिचा मोबाइल चित्रण करत होता. सणाच्या गर्दीत कर्मचाऱ्यांवर ताण येतो, म्हणून कंपनीने लिमातल्या सगळ्या दुकानांत ध्यान सुरू केलं होतं आणि त्याचे व्हिडिओ वर पाठवायचे होते. काउंटरची प्रमुख नेलिदा हिने ऑक्टोबरात वर वेगळीच मागणी केली होती. "आपण स्टुलं मागितली, त्यांनी श्वास पाठवला," असं हिलारिया खाली बसता बसता पुटपुटली होती आणि सगळ्यांना हसू आवरेना झालं होतं.

मोबाइल त्याआधीच जमा झाले होते. नाताळच्या गोड पावाचा, पानेतोनचा, रिकामा पत्र्याचा डबा नेलिदाने एकेकीपुढे धरला. फक्त एदेल्मिरा अडली. तिची आई आयाकुचोच्या इस्पितळात होती. आज डॉक्टर तिचं पोट उघडणार होते. लेकीशी बोलल्याशिवाय आत जाणार नाही, असा म्हातारीचा हट्ट होता, आणि नेण्याआधी भाऊ फोन लावून देणार होता.

"हा राहू दे माझ्याकडे, सेन्योरा," ती म्हणाली. "मांडीखाली दाबून धरते. कुणाला दिसायचा नाही."

हिमेना त्यांच्याकडेच पाहत होती. एकीला सूट दिली की सगळ्यांचंच लक्ष उडतं, असं तिने अगदी गोड आवाजात सांगितलं.

"ठेव गं," नेलिदा म्हणाली. "डबा माझ्याच मांडीवर असणार आहे. वाजला तर मी देते की तुला."

एदेल्मिराने मोबाइल डब्यात ठेवला. नेलिदाने झाकण दाबून बसवलं.

हिमेनाच्या सांगण्याप्रमाणे बायका श्वास घेऊ लागल्या. सकाळपासून उभ्या असलेल्या बायका त्या; बसायला मिळालं तशी पहिल्या काही श्वासांतच एकदोघींची मान कलली. नेलिदाने डोळे मिटले, आणि डबा गुणगुणला.

तिने डोळे उघडले. पत्र्याच्या आत काहीतरी थरथरत होतं. कुणाचाही असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. झाकण घट्ट होतं, उघडलं तर खणकन वाजलं असतं. हिमेनाने डोळे न उघडता तळहात किंचित वर केला, शांत राहा म्हणून. तिपाईवरचा लाल ठिपका जळत होता. नेलिदाने डबा दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरला. गुणगुण दबली, मग थांबली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. तिने आणखी जोरात आवळलं.

समोर एदेल्मिराचं तोंड जरासं उघडं होतं. कपाळावरची आठी गेली होती. आठवडाभरात पहिल्यांदाच.

ध्यान संपलं तेव्हा तिला हलवून जागं करावं लागलं. "घोरले का गं मी?" तिने विचारलं, आणि हिलारिया म्हणाली, घोरलीस ना, पण तालात. हसत हसतच एदेल्मिराने डब्यातून मोबाइल काढला आणि हसू तिथेच थांबलं. भावाचे लागोपाठ फोन येऊन गेले होते.

"वाजला होता का, सेन्योरा?"

"नाही गं," नेलिदा म्हणाली. "मला तरी ऐकू आला नाही."

एदेल्मिराने मान हलवली. परवा पायऱ्यांवर पडला होता, तेव्हापासून नीट चालत नाही मेला, असं ती मोबाइलकडे बघून म्हणाली. नेलिदाच्या दंडावर तिने हात ठेवला, जणू समजूत नेलिदाचीच घालायची होती, आणि भावाचा नंबर लावला.

पाटी उचलली गेली. रांग पुढे सरकली. खेळण्यातले ट्रक, अत्तरं, लहान मुलांचे बूट. हिमेनाने सगळ्यांच्या गालाला गाल लावून निरोप घेतला आणि स्टुलांचं वर बोलते म्हणाली.

व्हिडिओ तिने जाता जाताच काउंटरच्या ग्रुपवर टाकला होता. नेलिदाने तो कागदांच्या गुंडाळ्या ठेवायच्या खोलीत, दार लावून पाहिला. आठ शांत चेहरे दिसत होते. कडेला ती स्वतः, डोळे सताड उघडे, डबा कवटाळलेली. हिमेनाच्या संथ आवाजाखाली डब्यातली गुणगुण स्वच्छ ऐकू येत होती. मग व्हिडिओतल्या नेलिदाचे हात आवळले गेले आणि गुणगुण दबली.

तो पुसून टाकणं तिच्या हातात नव्हतं. कुणी कुणी पाहिला ते खाली दिसत होतं. एक नाव सोडून सगळी नावं होती.

ती बाहेर आली. एदेल्मिराने रिबिनीचं टोक दातांत धरलं होतं. मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये होता आणि हात एका बाहुलीच्या खोक्यावर घडी घालत होते.

"लागतोय का?" नेलिदाने विचारलं.

एदेल्मिराने दातांतली रिबीन सोडली.

"वाजतोय," ती म्हणाली. "उचलत नाही कोणी."

दुपारी दीड वाजेपर्यंत आयाकुचोहून काही कळलं नव्हतं. व्हिडिओ एदेल्मिराने तोवर उघडला नव्हता.