साडेअकराचं तापमान

नोंदीप्रमाणे संगणक पाच दिवसांत पाच वेळा बंद पडला होता, आणि पाचही वेळा सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान. सुटे भाग आणून तो मीच जोडला होता. शिष्यवृत्तीसाठीची दोन दिवसांची आकडेमोड शुक्रवारच्या आत संपावी म्हणून प्रोसेसरचा वेगही मीच वाढवला होता. व्होल्टेज बदलून पाहिलं, रॅम काढून पुन्हा बसवली. मंगळवारी संध्याकाळी आकडेमोड पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. आता तो बंद पडला असता, तर वेळच उरला नसता.

बुधवारी मी प्रयोगशाळेत गेले नाही, त्याच्यासमोर बसून राहिले. अकराला चहा घेऊन परत येते तो आई हातात केरसुणी घेऊन उभी, आणि संगणकाच्या डब्यावर, बरोबर वरच्या पंख्यावर, जुन्या साडीचा चौपदरी तुकडा.

"आई, हे काय?"

"केर काढताना धूळ जाते गं आत. रोज झाकते मी. तुझं एवढं महत्त्वाचं काम!"

पडद्यावर तापमान शहाण्णव अंश दिसत होतं. मी कापड ओढून काढलं. "अगं, तिथून गरम हवा बाहेर पडते. ती कोंडली की हा बंद पडतो."

आई त्या तुकड्याची घडी घालत राहिली. "म्हणजे इतके दिवस मीच तुझं काम बुडवत होते?"

मी पडद्याकडे पाहिलं; आकडा उतरू लागला होता.

गुरुवारी केरसुणी आलीच नाही. दुखरे गुडघे टेकून आई ओल्या फडक्यानं, धूळ उडू न देता, फरशी पुसत होती. साडेअकराला तिनं मान वर करून विचारलं, "किती?"

"चौऱ्याहत्तर."