नापास करायचा माणूस

"शेलारला नापास करा," गुर्जर म्हणाले.

चारुलताने हातातल्या कागदांवरून नजर वर केली. वर्गाबाहेर चहाच्या मशीनपाशी उभी राहून ती शेवटच्या दिवसाचे आराखडे तपासत होती. वाशीतल्या या इन्स्टिट्यूटमध्ये आठवडाभर ती तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीच्या कॉम्प्युटर विभागाला शिकवत होती. सगळ्या कंपनीसाठी सर्व्हर कसे मांडायचे, कुठला कुठे ठेवायचा, एक बंद पडला तर काम कशावर चालवायचं. नंदकुमार गुर्जर त्या विभागाचे प्रमुख.

"पण ते पास आहेत, सर."

"असतील. रिपोर्टमध्ये लिहा, शिकवूनही जमलं नाही. कंपनीत व्हीआरएस आलीय, स्वेच्छानिवृत्तीची, आणि हा माणूस सही करत नाही. तुमचा रिपोर्ट समोर ठेवला की करेल."

शेलारांचा आराखडा वरच होता. रेघा वाकड्या, खाडाखोड भरपूर. फार हुशारीचं काम नव्हतं, पण चुकीचंही नव्हतं. कारखाना, गोदाम, हेड ऑफिस, सगळं जिथल्या तिथे जोडलेलं होतं.

"मी खोटं लिहिणार नाही."

"खोटं कसलं? परवा फोनवर तुम्हीच म्हणालात, शेलार वर्ग चालू देत नाहीत, त्यांना नवीन काही नकोच असतं. तेवढंच टाका. तुमचेच शब्द." गुर्जरांनी चहाचा घोट घेतला. "माझ्या अजून दोन बॅच यायच्यात तुमच्याकडे."

ती तसं म्हणाली होती. जोतीराम शेलार पन्नाशीला आलेले. पहिल्या दिवसापासून मागच्या खुर्चीवरून तिला अडवत होते. "मॅडम, तुमी कधी कंपनीत नाइट काढलीय का?" असं त्यांनी भर वर्गात विचारलं, तेव्हा दोघंचौघं हसले होते. त्या संध्याकाळी ती फोनवर चिडून बोलून गेली. तिचा तो राग या माणसाने खिशात जपून ठेवला होता आणि आता काढून तिच्याच हातात देत होता.

तिची कानशिलं तापली. ती वर्गात गेली. गुर्जर मागोमाग आले, दाराशीच थांबले.

"शेलार," ती फळ्यापाशी उभी राहून म्हणाली, "तुमचा आराखडा पास आहे. तुम्हाला नापास करा, म्हणजे व्हीआरएसवर तुमची सही घेता येईल, असं गुर्जर सर आत्ता बाहेर मला सांगत होते."

गुर्जर हसले.

"मॅडम दमल्यात. काय बोललो, काय ऐकलं."

कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कुणी शेलारांकडेही पाहिलं नाही. रोज शेलारांच्याच स्कूटरवर मागे बसून येणाऱ्या तबरेजने कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसायला घेतली.

शेलार उठले. सावकाश पुढे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण ते गुर्जरांकडे गेले नाहीत, तिच्यासमोर येऊन थांबले.

"तुमी हे मला एकट्याला सांगायचं होतं, मॅडम."

"मला वाटलं, सगळ्यांसमोर..."

"तुमाला राग आला, तुमी बोलून मोकळ्या झालात. उद्या मी कंपनीत जाणार. साहेब म्हणतील, असं काही झालंच नाही. मग मी कुणाला विचारू? यांना?" त्यांनी मागे हात केला. "या सगळ्यांना पोरंबाळं हायत. यांना कशाला अडचणीत घालू?"

आपण त्यांची बाजू घेतली आणि हा माणूस आपल्यावरच चिडलाय, याचा तिला संताप आला. आणि त्यांचं बरोबर आहे, याचा त्याहून जास्त.

"बोललात ते लिहून देता?" शेलार म्हणाले. "खाली सही करून?"

"मॅडम, नीट विचार करा," दारातून गुर्जर म्हणाले. आता ते हसत नव्हते. "तुमच्या डायरेक्टरांशी मला बोलावं लागेल."

चारुलताने टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्यानेच लिहिलं. गुर्जर काय म्हणाले ते, जसं म्हणाले तसं. मग फोनवर आपण काय म्हणालो होतो, तेही लिहिलं. पेन इतकं दाबलं जात होतं की एका जागी कागद फाटला. तिने सही केली तेव्हा दार आपटल्याचा आवाज आला. गुर्जर गेले होते.

शेलारांनी कागद डोळ्यांजवळ धरून पहिल्या ओळीपासून वाचला. आभार मानले नाहीत.

"तारीख राहिली."

तिने दातओठ खात तारीख टाकली.

"आणि साक्षीदार," ते म्हणाले. मग स्वतःशीच मान हलवली. "राहू दे."

पण कागद त्यांनी खिशात घातला नाही. पहिल्या बाकावर तो सगळ्यांना दिसेल असा ठेवला, त्यावर तिचं पेन ठेवलं आणि मागे आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

"अजून अर्धा तास हाय, मॅडम," ते म्हणाले. "शिकवा."

चारुलता फळ्याकडे वळली. मागे एखादी खुर्ची सरकते का, ते ऐकत तिने लिहायला सुरुवात केली.