आबासाहेबांचं मावंदं

केदारनाथला हवा विरळ असते, म्हणून आबासाहेबांनी तीन महिने अंग कमावलं. पाठीवर दहा किलो ज्वारी बांधून ते रोज गावच्या पाण्याच्या टाकीवर चढायचे. "मी बी येते," म्हणणाऱ्या बायकोला, कडूबाईला, त्यांनी झटकलं, "तुला झेपायचं न्हाई. फार तर माझ्या गोळ्या सांभाळायला चल."

परत आल्यावर मावंद्याला अख्खा गाव जेवायला. आबासाहेब माईकवर बर्फ, थंडी, दर्शन रंगवून सांगायलेत. तेवढ्यात दोनदा जाऊन आलेल्या रामहरीनं विचारलं, "आबा, देवळात शिरल्याबरोबर काय दिसतं, तेवढं सांगा की."

पाणी प्यायचं निमित्त करून आबासाहेब आत गेले आणि पुऱ्या लाटणाऱ्या बायकोच्या कानाशी लागले.



"लवकर सांग, तू आत जाऊन आलीस. मी तर पहिल्याच वळणावर बसलो व्हतो."