नळाची बियर

नळातून नुसता फेसच आला.

"साबणाचं पाणी हाय का काय रं हे?" बिराप्पानं ग्लास उजेडात धरून विचारलं.

गॅसचा दाब जास्त झाला होता, एवढं शंभुलिंगाला कळलं. उमरग्यात फ्रिज दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली, पण असलं काम पहिलंच. जुन्या फ्रिजचे कप्पे काढून आत बियरची टाकी बसवली होती. शेजारी सोडावाल्याकडून आणलेला गॅसचा सिलिंडर आणि फ्रिजच्या दारात नळ. भोक दारातच पाडायचं. बाजूच्या पत्र्यात ड्रिल घातलं की आतली नळी फुटते आणि फ्रिज मेला म्हणून समजा. त्यानं चावी पिळून दाब उतरवला.

दुसरा ग्लास झकास भरला. बिराप्पानं घोट घेतला, मिशी पुसली आणि मान डोलावली. शंभुलिंगाला स्वतःला चव बघता येत नव्हती. लिंगायत माणूस, गळ्यात लिंग, साठ वर्षांत एक थेंब शिवला नव्हता. म्हणून तर चाखायला दोस्ताला बोलावलं होतं.

बायकोला, गिरिजाबाईला, त्यानं सांगितलं होतं, हायवेवरच्या ढाब्याचं काम आहे. साफ खोटं. हे चाललं होतं नंदीशसाठी. तीन वर्षांपूर्वी पोरगा दोस्तांबरोबर बियर पिऊन घरी आला आणि शंभुलिंगानं भर गल्लीत त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. पोरगा बॅग उचलून पुण्याला गेला तो गेलाच. पंधरा दिवसांमागं त्यानं बिराप्पाला फोन केला, काका, मी आलो तर आप्पांना चालंल का, म्हणून. स्वतःच्या घरी यायला पोरानं परक्याला विचारावं, हे शंभुलिंगाला लई लागलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला माणूस. 'चुकलं माझं, ये, माझ्यासमोर बसून पी' हे त्याला सात जन्मांत म्हणता आलं नसतं. हातानं मात्र त्याला काहीही जमायचं. पंधरा दिवस तो तोंडाचं काम हातानं करत बसला होता.

बिराप्पानं 'ये' म्हणून कळवलं होतं, तसा नंदीश दुपारी आला. गिरिजाबाईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो आत टेकतोय न टेकतोय तोच शंभुलिंगानं त्याला घरापुढच्या आपल्या दुकानात नेलं, नळ ओढला आणि ग्लास त्याच्यापुढं केला.

"घे. तुझ्यासाठीच केलंय."

नंदीशचा हात काही पुढं येईना. तो एकदा नळाकडं बघायचा, एकदा बापाकडं.

"आप्पा, म्या सोडली," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमी मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच."

शंभुलिंगानं ग्लास फ्रिजवर ठेवला. तीन वर्षं ज्या गोष्टीवरनं पोराचं तोंड बघितलं नाही, ती गोष्ट एका रात्रीत संपली होती. बाकीचे सगळे दिवस फुकट गेले.

दारात गिरिजाबाई चहा घेऊन उभी होती. तिला काहीच नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला ठावं हुतं?" त्यानं विचारलं.

"व्हय. रोज फोन करतोय की त्यो मला."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

गिरिजाबाईनं कप खाली ठेवला, पदरानं हात पुसले.

"त्याचं नाव ह्या घरात काढायचं न्हाय, असं तुमीच म्हणला हुता," ती म्हणाली. "म्या काढलं न्हाय."